मिटवून आलो

"मिटवून आलो सगळं," आमचे हे म्हणाले आणि पायातले बूट दाराशी इतके अलगद ठेवले, की जणू खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरच ठेवतायत.

आवाज होऊ द्यायचा नाही, हा यांचा परदेशातला धर्म. खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. कुकर फुसफुसायला लागला की पळत जाऊन गॅस बंद, शिट्टी शेजाऱ्यांना ऐकू गेली तर? इथे आल्यापासून या घरात डाळ धड शिजलेली नाही, आणि मी ती गुमान गिळत आले. काही बोललं की एकच पालुपद, "परका देश आहे गं." दिवसभर हॉटेलच्या लाँड्रीत उभी राहून चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन चवड्यांवर चालायचं!

पण त्या दिवशी हे मिटवून आले होते ते चिमीचं प्रकरण. चिमी आमची लेक, नऊ वर्षांची. शाळेचा जिना उतरताना तिच्या पुढची मुलगी पडली आणि तिचा पुढचा दात तुटला. मागे चिमी, तिचा हात पुढे आलेला, म्हणून ती मुलगी म्हणाली, हिने ढकललं. शाळेने यांना ऑफिसातून बोलावून घेतलं. त्या मुलीचा बाप टेबल बडवत होता. मुख्याध्यापिका म्हणत होत्या, थांबा, आधी वर्गातल्या मुलांना विचारू. चिमी पुन्हा पुन्हा सांगत होती, "मी नाही ढकललं. ती घसरली, मी तिला धरायला गेले." तेवढ्यात आमचे हे उठले, हात जोडले आणि म्हणाले, माझ्या मुलीची चूक झाली, माफ करा.

झालं! बापच कबूल म्हटल्यावर मुलांना कशाला कोण विचारतंय? तिथल्या तिथे ठरलं, की उद्यापासून सगळा वर्ग उतरला की चिमीने शेवटी उतरायचं, एकटीने, बाईंचा हात धरून.

"अहो, पण तिने ढकललं का?"

"नसेल ढकललं."

"नसेल?"

"हळू बोल. तो माणूस पोलिसांत जायच्या गोष्टी करत होता. आपले इथे राहायचे कागद, माझी नोकरी... दोन शब्दांनी आपलं काय जातं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचं काय जातंय? तुमचं काहीच जात नाही! गुन्हेगार ठरली ती माझी पोर!"

हे उठले आणि खिडकी लावून आले. बायको भडकलीय, पोर न जेवता भिंतीकडे तोंड करून बसलीय, आणि या माणसाला काळजी खिडकीची!

सकाळी मी चिमीची वेणी घालत होते. मान खाली घालून तिने विचारलं, "आई, मी ढकललं होतं का?"

"काय?"

"बाबा म्हणाले ना तसं. माझा हात लागला असेल कदाचित. मला आता नीट आठवत नाही."

मी कंगवा भिंतीवर फेकला. खरंच फेकला. आदल्या दिवशी त्या पोरीला लख्ख माहीत होतं काय झालं ते. आता तिला स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता, आणि हे म्हणे मिटवून आले!

कामावर दांडी मारली. "मी शाळेत चाललेय," म्हटलं, "तुमची माफी परत घ्यायला."

"माफी अशी परत घेतात का? दुकानातली वस्तू आहे का ती?"

"मग अशी फुकट वाटत कशाला सुटता?"

हे येणारच नव्हते. पण ही एकटी जाऊन काय तमाशा करील, या धास्तीने मागोमाग आले.

मुख्याध्यापिकांची खोली वरच्या मजल्यावर. चिमीलाही मी सोबत आत नेलं. इथली भाषा मला चादरी-टॉवेलांपुरती येते, म्हणून मी मराठीत बोलायचं आणि यांनी सांगायचं असं ठरलं. मी सगळं बोलले. काल माझा नवरा घाबरला आणि न केलेली चूक कबूल करून आला. मुलांना विचारा, खरं काय ते कळेल. पोरीने काही केलेलं नाही आणि ती माफी आम्हाला परत हवी आहे. बोलून बोलून घसा सुकला माझा. यांनी ते सगळं एका एवढ्याशा वाक्यात गुंडाळलं आणि हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या.

चिमीने माझी बाही ओढली. "आई, बाबांनी तुझं काही सांगितलंच नाही. ते म्हणाले, माझ्या बायकोला फार वाईट वाटलंय, तीपण माफी मागायला आलीय."

लग्न झाल्यापासून यांना मी कधी अरेतुरे केलेलं नाही. त्या दिवशी केलं.

"अरे भित्र्या! पोटच्या पोरीसाठी एक वाक्य खरं बोलवत नाही तुला?"

बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकवायला लागली. बघा म्हटलं, पोटभर बघा.

"चिमे, तू सांग यांना. मी बोलले ते सगळं. भित्र्यासकट सांग."

चिमीने सांगितलं. आधी पुटपुटत, मग नीट. मुख्याध्यापिकांचं हसू मावळलं. त्यांनी यांच्याकडे वळून काहीतरी विचारलं.

"काल खोटं बोललात का, असं विचारतायत बाबांना," चिमी म्हणाली.

यांचे हात जोडायला वर आले. मी ते धरून खाली दाबले. मग हे एकच शब्द बोलले, तो मलाही कळला. हो म्हणाले.

मुलांना आजच विचारते, आणि ते शेवटी उतरायचं आतापासून बंद, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही बाहेर आलो तेवढ्यात खेळाच्या तासाची घंटा झाली आणि चिमीचा वर्ग धडधडत जिन्याकडे आला.

"जा चिमे, जा त्यांच्याबरोबर."

चिमी भिंतीला टेकून उभी राहिली. "जाऊ देत सगळे."

"अगं, बंद झालं ना आता ते."

"मला माहितीये."

मुलं गेली. आम्ही पहिल्या पायरीशी आलो तरी ती जागची हलेना.

"तुम्हीपण आधी उतरा. तुम्ही पडलात तर मी मागे नको."

"मी पडले तर धरायचं सोडून असं काय गं?"

"धरायचं नसतं, आई."

यांनी ते ऐकलं. अजून 'हळू बोल' कसं म्हणाले नाहीत म्हणून बघितलं, तर यांचे डोळे भरले होते. तरीही माझा राग तसूभर उतरला नाही.

"चिमे, माझं चुकलं गं," हे म्हणाले. "मला माफ कर." इतक्या मोठ्याने बोलले की अख्खा जिना घुमला. इथे आल्यापासून यांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

चिमीने कठडा धरला आणि घाईघाईने खाली वाकून बघितलं.

"हळू बोला, बाबा," ती म्हणाली. "आणि आधी उतरा."