बोंड्याचा जिना

"ये रे लेका, ये. एक पायरी चढ. हे पाय भाकर!"

रूपराव जिन्याच्या मध्यावर वाकून बसला होता आणि दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा हलवत होता. खाली पिल्लू पुढचे दोन पाय पायरीवर टेकून मागच्या पायांवर नाचत होतं. गळा असा काढला होता, की ऐकणाऱ्याला वाटावं याला कोणी सोलून काढतंय.

"काय करून राह्यले हो रूपरावजी?" ओसरीतून घरमालकीण विमलाबाईनं विचारलं. "कुत्र्याले माडी कायले पाह्यजे?"

"त्याले नाई पाह्यजे, बाई. वरच्या माणसाले पाह्यजे."

वरचं माणूस म्हणजे त्याची बायको, अनुसयाबाई. पुलगावात कोणाचीही चूल पेटत नसली, की आधी तिला कळायचं, अशी बाई. पाण्याला गेली, की तासाभराने परत येणार, आणि हंड्यापेक्षा बातम्या जास्त आणणार. मागच्या हिवाळ्यात तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. वर्ध्याच्या दवाखान्यातून परत आणली तेव्हा चौघांनी तिला खुर्चीत बसवून या उभ्या सागवानी जिन्यानं वर चढवलं. त्यानंतर ती खाली उतरली नव्हती. रूपराव मिलच्या रिंग खात्यात, सूत कातायला. सकाळच्या भोंग्याला जायचा तो दिवस कलल्यावर यायचा, आणि तोवर ती बोलकी बाई एकटी छपराचे वासे बघत पडून राहायची. मुलगी सुलोचना देवळीला दिलेली. तिला तिचा संसार होता, ती किती येणार?

जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीला आजाराआधी अनुसयाबाईच रोज भाकर घालायची. ती कुत्री ट्रकखाली गेली, पिल्लं इकडंतिकडं झाली, हे एक उरलं. कापसाच्या बोंडासारखं गोल, म्हणून बोंड्या. आईचं देणं पिल्लानं फेडावं, असा रूपरावचा साधा हिशेब होता.

बोंड्याला जिना यायला महिना गेला. एक पायरी चढायचा आणि मोठा गड सर केल्यासारखा तिथंच झोपायचा. शेवटची पायरी इतरांपेक्षा उंच होती. तिथं तो रोज घसरायचा. एका संध्याकाळी तो धडपडत, नखं खरवडत तीही चढला, सरळ खाटेकडे गेला आणि लोंबणाऱ्या हातात तोंड खुपसून बसला. अनुसयाबाई हसली. अर्ध्याच तोंडानं हसली, पण हसली. रूपराव दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

एकच घोळ झाला. बोंड्या चढायला शिकला, उतरायला शिकला नाही.

चढताना त्याच्या नाकासमोर पायरी असायची. उतरताना समोर नुसता खड्डा. वरच्या पायरीवर पोट टेकून तो केकाटायचा. खालच्या पायरीवर भाकर ठेवून पाहिली, दूध ठेवून पाहिलं, एकदा हाडूकही ठेवलं. कुत्रं जागचं हललं नाही. शेवटी रूपरावनं त्याच्या घाणीसाठी वरच कोपऱ्यात राख पसरून दिली आणि नाद सोडला. "शिकन आपोआप," तो म्हणायचा. मग रोजचंच झालं. सकाळी बोंड्या त्याच्यामागं वर जाणार, दुपारी कंटाळला की जिन्याच्या तोंडाशी येऊन रडणार, आणि संध्याकाळी रूपराव त्याला काखेत मारून खाली आणणार. पहिले काही दिवस विमलाबाई धावत जायची. "मले वाटलं बाईले काई झालं, तं हे सोंग!" पुढं तिनं जाणं सोडलं. गल्लीलाही सवय झाली. मिलच्या भोंग्याकडे कोण लक्ष देतं?

कुत्र्यावरून रूपरावच्या मनात एक वेडी आशा शिरली. एका सुटीच्या दिवशी त्यानं बायकोला वरच्या पायरीवर बसवलं आणि आपण दोन पायऱ्या खाली तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. अनुसयाबाई कितीदा तरी डाव्या हाताचं बोट अंगणातल्या निंबाकडे दाखवायची. त्या निंबाखाली बसून तिनं बत्तीस गल्ल्यांच्या गोष्टी केल्या होत्या.

"बसूनबसूनच ये. लेकरं येते तशी. मी हावो ना."

ती एक पायरी घसरली. दुसरीही घसरली. मग तिनं खाली पाहिलं, आणि डाव्या हातानं कठडा असा धरला की सुटेना. तिच्या मागं बोंड्याही वरून खाली बघत रडायला लागला. "सोड वं, पडत नाई तू," रूपराव म्हणत राहिला, पण बोटं पांढरी पडली तरी तिनं सोडलं नाही. शेवटी विमलाबाई आणि शेजारचा हरिदास आले आणि तिघांनी तिला उचलून वर नेलं. त्या दिवसापासून तिनं निंबाकडे बोट दाखवलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि डावा हात तेवढा कुत्र्याच्या पाठीवर.

वैशाखातली गोष्ट. एकोणऐंशी साल. रूपराव पाळी संपवून आला तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच बोंड्याचं रडणं ऐकू येत होतं. आवाज बसला होता.

"आज तं दुपारपासून डोस्कं उठवलं पाहा यानं," विमलाबाई म्हणाली. "दोनदा वरडली मी खालून. आयकतच नाई."

"आलो रे बाबू, आलो," रूपराव म्हणाला. पण उन्हातून आला होता. आधी त्यानं रांजणावर हातपाय धुतले, गटागटा पाणी प्यायला, निंबाखाली घटकाभर टेकला. मग जिना चढला.

अनुसयाबाई खाटेवर नव्हती. ती दाराशी होती, बसूनबसून सरकत आलेली, आणि उंबऱ्यावर कलंडलेली. डावा हात जिन्याच्या वरच्या पायरीवर. अंग गार पडलं होतं. बोंड्या त्या हाताजवळ पोट टेकून खाली बघत रडत होता, रोज रडायचा तसाच.

"रोजच रडते ना ते," विमलाबाई छाती पिटत म्हणत होती. "मले काय मालूम? रोजच तं रडते!"

 रूपरावही तेच ऐकत आला होता आणि निंबाखाली टेकला होता.

दुसऱ्या दिवशी माती झाली. देवळीहून सुलोचना आली होती. संध्याकाळी बायकांनी रिवाजाप्रमाणे अनुसयाबाई गेली त्या जागी दिवा लावला, चाळलेलं पीठ पसरलं आणि त्यावर टोपलं पालथं घातलं. सकाळी पिठात जे पाऊल उमटलेलं दिसेल, त्या जन्माला माणूस गेलं असं समजायचं. खोलीत कोणी झोपायचं नाही. सगळी खाली अंगणात झोपली. बोंड्याला रूपरावनं सुतळीनं निंबाला बांधलं.

उजाडल्यावर रूपराव, लेक आणि विमलाबाई जिन्याकडे गेली. सुलोचना पुढं होती. ती पहिल्याच पायरीपाशी थांबली.

पायरीवर पांढरं पाऊल होतं. वरच्या पायरीवर होतं, त्याच्या वरच्याही. वर जाणारं एकही नाही, सगळी खाली येणारी. वर टोपलं कलंडलं होतं आणि पीठ विस्कटलं होतं.

"बाबा," सुलोचना मटकन खाली बसली, "माय उतरली वो. माय खाली आली!"

"कुत्र्याच्या जन्माले गेली बिचारी," विमलाबाईनं कपाळाला हात लावला. "त्याचाच जीव लागला होता ना तिले."

रूपरावनं मागं वळून पाहिलं. निंबाखाली चावलेली सुतळी पडली होती. तिच्याशेजारी बोंड्या निजला होता, नाकाला पीठ लागलेलं. मग रूपराव जिन्यावर वाकला. उंच पायरीवर पंजा घसरल्याची लांब रेघ होती. तिथं बोंड्या बराच थांबला असावा, पीठ तिथं जास्त सांडलं होतं. तिथून पुढची पावलं धीट पडत आली होती.

लेकीचं ऐकावं आणि मान डोलवावी, असं त्याला फार वाटलं. पण होईना.

"तुही माय नोय, बाई," तो म्हणाला. "बोंड्याच होय. शिकला."



"आत्ता शिकला," तो पुन्हा म्हणाला.

विमलाबाई ओलं फडकं घेऊन आली. त्यानं हातानं तिला थांबवलं. वर जाऊन टोपलं सरळ केलं, विझलेला दिवा उचलला. उतरताना त्यानं कठडा धरला आणि पिठातल्या पावलांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं, एकेक पायरी बघत, तो खाली आला.