मुळावरचा कर

दिव्यांच्या त्या दुकानात कर काढायला बाबांना कधी यंत्र लागलं नव्हतं. अलीकडे थोरल्या मुलाने त्यांना गल्ल्यावरून उठवायचा घाट घातला होता आणि डॉक्टरांनीही त्याचीच री ओढली होती. धाकटी मुलगी मात्र हेका सोडत नव्हती. बाबा माणसांची नावं विसरतात, आकडे नाही, असं ती घरात ठणकावून सांगायची. आकडे शाबूत तोवर बाबा शाबूत, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांची दोन बिलं चुकली, ती तिने गुपचूप नीट केली आणि थकव्याच्या नावावर खपवली.

दुपारी वायरमन आला. त्याने करासकट अकराशे ऐंशीचा दिवा घेतला आणि बिलात कर वेगळा दाखवायला सांगितला. कर अठरा टक्के. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि लिहिलं: कर दोनशे बारा, वर थोडी चिल्लर.

शेजारी बसलेल्या धाकटीने तो आकडा वाचला. शाळेत असताना नेमक्या याच चुकीसाठी बाबांनी तिची सालटी काढली होती. हजारावर कर बसला म्हणून अकराशे ऐंशी झाले. तेव्हा कर हजारावरचाच, एकशे ऐंशी. "कर मुळावर बसतो बाई, बेरजेवर नाही," हे त्यांनी तिच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं की झोपेतही ती चुकली नसती. वायरमनला काय, द्यायचे तेवढेच द्यायचे होते. त्याने आपलं सहज तिला विचारलं, बरोबर आहे ना?

"बरोबर आहे," ती म्हणाली.

तो गेला. बाबा पेनाला टोपण लावत बसले, ते काही केल्या लागेना.

"एवढंसं चुकलं तरी तू दुकान डोक्यावर घ्यायचीस," ते खाली बघतच म्हणाले. "आज गप्प का?"

"काही चुकलंच नाही, बाबा."

"चुकलंय. काय ते मला सापडत नाही, पण तुझ्या तोंडावर दिसलं." त्यांनी टोपण बाजूला ठेवलं. "कधीपासून चाललंय हे?"

थोरल्याचं खरं ठरलं होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचाच भयंकर राग आला.

"आजच. पहिल्यांदाच."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पावतीपुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि मघाशी ती बोलली होती अगदी त्याच सुरात म्हणाले, "बरोबर आहे."