पेवातून आलेली हाक

मित्रांनो, मी एक जुने पेव आहे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. औसा तालुक्यातल्या एका उजाड गावठाणात, दगडमातीच्या ढिगाऱ्यांत माझे तोंड आहे. माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, पण पोट खोलीएवढे. आतून कडब्याचे अस्तर लावून माझ्यात ज्वारी भरत आणि तोंडावर शिळा ठेवून ती चिखलाने लिंपत.

बंद पेवातली हवा विषारी होते. म्हणून शिळा काढली की दिवसभर वारा लागू द्यायचा आणि मग आत कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचे नाही. माझी आणखी एक खोड आहे. माझ्या पोटात आवाज घुमून जड होतो. लेकरू बोलले तरी मोठा माणूस बोलल्यासारखे वाटते.

माझे मालक मलप्पा. घरातले सगळे त्यांना अप्पा म्हणत. एका उन्हाळ्यात बाजाराला निघायची घाई होती. मलप्पांनी शिळा सरकवली आणि धाकट्या भावाला म्हणाले, "शिवप्पा, कंदील राहू दे. उतर झटक्यान."

शिवप्पा उतरला. "अप्पा!" एवढेच ओरडला आणि माझ्या तळाशी कोसळला. तो पुन्हा उठला नाही.

मलप्पांनी गावाला सांगितले, "कंदील सोडला व्हता. ह्या पेवातच कायतरी हाय. माणूस खातंय ते."

माझे तोंड बंद झाले ते वीस वर्षे. बायका लेकरांना माझ्याजवळून ओढून नेत. मी खरे जाणत होतो, पण मला कोण विचारणार?

गावातली एकटी गुरम्मा माझ्या शिळेवर येऊन बसे. ती ख्रिस्ती होती. रविवारी पलीकडच्या झाडाखाली मुलांना गोळा करून प्रभूच्या गोष्टी सांगायची. त्यासाठी तिला पुस्तक लागत नसे. झाडावरचा कोश दाखवून ती म्हणायची, "बगा, अळीनं सोताला कोंडून घेतलंय. आपल्याला वाटतं मेली. पण देवाचं काम आत चालूच हाय." मला ते ऐकायला आवडे. माझ्याही आत अंधारच होता ना!

मग त्र्याण्णव साल आले. सप्टेंबरच्या शेवटच्या पहाटे जमीन गुरगुरली. घरे एका दमात बसली. माझी शिळा दुभंगली. अंगणात झोपलेली मलप्पांची चार वर्षांची नात शिवलीला घसरत माझ्या पोटात आली आणि वरून भिंत पडली. सडक्या कडब्यामुळे ती वाचली. फटींतून वारा येत होता, पावसाचे पाणी ठिबकत होते. ते चाटत ती पडून राहिली. मलप्पांचा मुलगा आणि सून मात्र घराखाली गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मलप्पा ढिगाऱ्यावर बसले होते. शेजारी गुरम्मा होती. तेवढ्यात जमिनीखालून जड, घोगरा आवाज आला.

"अप्पा..."

माती उपसणारी माणसे फावडी टाकून पळाली. मलप्पांनी गुरम्माचा हात धरला. "गुरम्मा, शिवप्पा बोलावतोय मला."

"का बोलावंल तो?"

मलप्पांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "त्या दिशी म्या कंदील सोडला न्हाई. म्याच मारलं त्याला."

गुरम्मा दचकली, पण दूर सरली नाही. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग आता सोडा कंदील."

दोघांनी हातांनी दगड बाजूला केले. कंदील आत सोडला. तो जळत राहिला. गुरम्मा पदर खोचू लागली, तेव्हा मलप्पा म्हणाले, "न्हाई. म्या उतरतो."

मित्रांनो, खाली आपला मेलेला भाऊ आहे, असेच त्यांना वाटत होते. तरीही ते उतरले. अंधारात एक गार, इवलासा हात त्यांच्या घोट्याला बिलगला. त्या वेळी ते जसे रडले, तसे रडणे मी कधी ऐकले नाही.

लेकराला छातीशी धरून ते वर आले. गुरम्मा म्हणाली, "अप्पा, मातीच्या पोटातून देवानं दोघांना काढलंय."

गाव नव्या जागी गेले. शिवलीला मोठी झाली. लातूरला क्लास लावून होस्टेलवर राहू लागली. तिला मेडिकलला जायचे होते. दुसऱ्यांदाही मार्क कमी पडले, त्या दुपारी ती घरी न जाता माझ्याकडे आली. माझ्या तोंडात पाय सोडून खाली बघत बसली. मित्रांनो, मी फार घाबरलो.

ती घरी पोचली नाही म्हणून शोधत, काठी टेकत मलप्पा आले. धापा टाकत तिच्या शेजारी बसले. रागावले नाहीत. शिवप्पाची सगळी गोष्ट त्यांनी तिला सांगितली. घरात आजवर ते हे कुणालाच बोलले नव्हते.

"माझ्या हातून माणूस गेला, लेकी. तरी देवानं मला तुला उचलायला ठेवलं. तुझे तर निस्ते मार्क गेलेत."

शिवलीलाने पाय वर घेतले. "अप्पा, मला होस्टेलवर लई भ्या वाटतंय. मला न्हाई जायचं तिकडं."

"मग तसं म्हण की! घरी चल."

शेवटची एस.टी. निघून गेली होती. दोघे चालतच निघाले, तिच्या खांद्यावर त्यांचा हात होता.

मित्रांनो, मला बुजवायचे असेल तर खुशाल बुजवा. पण तुमच्या घरात कोणी गप्प गप्प राहत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो बोलेपर्यंत उठू नका.