फ्लेक्सवरचा मृदंग

विनुताने सायकल सभागृहाच्या भिंतीला जवळजवळ आपटलीच, आणि फ्लेक्सकडे बघत ती तशीच उभी राहिली. हार, उदबत्ती, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, सगळं होतं. पण बेंतो सरांच्या मांडीवर मृदंग होता.

"हे कुणी केलं?"

"फ्लेक्सवाल्याने चिकटवलाय," तिची मैत्रीण हरिता म्हणाली. तिला हसू आवरेना. "सरांचे हात बघ ना! हवेतल्या हवेत डास मारतायत."

विनुताला हसू आलं नाही. मूळ फोटो तिनेच काढला होता, तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर. त्यात सरांच्या हातात त्यांचं पांदेरू होतं, डफासारखं, कडेला झांजा लावलेलं ब्राझिली वाद्य. रेसिफे शहराच्या गल्ल्यांत सहाव्या वर्षी ते त्यांनी हातात धरलं आणि त्याच्याच जोरावर रिओच्या जॅझ क्लबांपासून टोकियोपर्यंत निम्मं जग पालथं घातलं. पन्नाशीत फक्त कंजिरा, इथली छोटी खंजिरी, ऐकायला म्हणून इकडे तमिळनाडूत आले, ते एकोणीस वर्षं राहिले. तिच्या बोटांना लयीचं वेड लावलं ते त्यांनीच. आणि या लोकांनी त्यांच्या हातातलं वाद्यच पुसून टाकलं!

ती तडक स्टेजमागच्या खोलीत घुसली. संगीत सभेचे सचिव वेंकटराव, मृदंगाचे नावाजलेले विद्वान, खुर्चीत बसून अंगवस्त्राची घडी घालत होते.

"मामा, तो फ्लेक्स खोटा आहे."

"बस कण्णा." लहानथोर सगळ्यांना ते लाडाने कण्णाच म्हणत. "कॉफी घेतलीस?"

"कॉफी राहू दे! तुम्हाला परदेशी माणूस चालतो, त्याचं वाद्य चालत नाही. मांडीवर मृदंग ठेवला, की झाला आपला! सर असते तर पोट धरून हसले असते."

"नसता हसला."

"तुम्हाला काय माहीत?"

"नऊ वर्षं शिकायला यायचा माझ्याकडे. पहाटे, सायकलवरून. कुणाला सांगायचा नाही." त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली. "तीनदा विचारलं त्याने. मामा, एकदाच, या स्टेजवर मृदंग घेऊन साथीला बसू? तीनदा म्हटलं, अजून तयारी नाही."

"तयारी नव्हती?"

"होती ग. लोक काय म्हणतील, याची भीती होती. मला."

विनुताच्या हातात भाषणाचा कागद होता. त्यातलं पहिलंच वाक्य तिने लाल शाईने लिहिलं होतं, ‘सरांनी कधीच कुणाकडे काही मागितलं नाही.’

"आणि आता फ्लेक्सवर बसवलंत."

वेंकटरावांनी अंगवस्त्र तसंच मांडीवर टाकलं.

बाहेर तिचं नाव पुकारलं गेलं. समोर दीडशे माणसं, पहिल्या रांगेत सभेची सगळी वडीलधारी मंडळी. विनुताने कागदाच्या चार घड्या केल्या.

"सरांची एक गोष्ट मला आत्ता आत कळली," ती म्हणाली. "ती माझी नाही. वेंकटराव मामांची आहे. तेच सांगतील."

तिने माईक स्टँडवरून काढला आणि स्टेजमागच्या खोलीच्या दाराकडे धरला. पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी दबक्या आवाजात तिला खाली यायला सांगितलं. हरिता डोळे वटारून मानेने नको नको करत होती. विनुताचा दंड भरून आला, तरी तिने हात खाली घेतला नाही.

मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.