बिस्मिल्लाबींचा डबा, मैनाबाईंची फळी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. मुक्काम अमरावती. माझी हकीकत ऐकून तुम्ही मला चोर म्हणाल. म्हणा. मीही स्वतःला तेच म्हणतो.

माझ्या जन्माचं मला काही आठवत नाही. तेव्हा मी पत्रा होतो, आणि पत्र्याला कुठली आठवण! पण भांड्यांच्या दुकानात एक माणूस टरटर वाजणारं यंत्र घेऊन माझ्या पोटावर नाव कोरत होता, ते पक्कं आठवतं. फार गुदगुल्या झाल्या. हसायची सोय नव्हती, गिऱ्हाईक समोर उभं होतं. नाव पडलं : बिस्मिल्लाबी गुलाम नबी.

एका ईदेला बिस्मिल्लाबींनी मला शीरखुर्म्याने काठोकाठ भरलं आणि समोरच्या घरी, मैनाबाईंकडे पाठवलं. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. बिस्मिल्लाबी आल्या की थेट स्वयंपाकघरात शिरायच्या, ओट्याजवळ पाट ओढून बसायच्या आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगूनच उठायच्या.

शीरखुर्मा त्याच दुपारी संपला. मला घासलं, पुसलं.

"डब्बा काहून नाही देऊन राहिली त्यायचा?" मैनाबाईंचे यजमान खुशालराव यांनी विचारलं.

"रिकामा कसा देऊ जी? काही गोडधोड करतो न् भरून देतो."

दिवाळीत लाडू केले. ते इतके कडक झाले की खुशालरावांनी एक खलबत्त्यात फोडून खाल्ला. पुढच्या खेपेला करंज्या कढईत उघडल्या. मग उन्हाळ्यात लाल तिखट कांडून आलं आणि ठेवायला डबा सापडेना. मैनाबाईंनी ते 'दोन दिवसांसाठी' माझ्यात ओतलं. मित्रांनो, त्या दोन दिवसांना आता बरीच वर्षं झाली.

तिखट माझ्या अंगात मुरलं. आता माझ्यात गोड काही भरायची सोय राहिली नाही. बिस्मिल्लाबी आल्या की मैनाबाई मला तांदळाच्या पिंपामागे ढकलायच्या. पण तिखटाचा डबा लपला तरी शिंक आणतोच. शेवटी एक दिवस मैनाबाईंनी मैत्रिणीला पुढच्या खोलीत, सोफ्यावर बसवलं. बशीत बिस्किटं ठेवली. पाहुण्यांसारखी! बिस्मिल्लाबींनी खाली मान घालून चहा घेतला आणि "येतो" म्हणाल्या. मग त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलं. भाजीत मीठ मात्र कमीच पडत राहिलं.

मी पिंपामागे उभा होतो. मला पाय असते तर मी स्वतः रस्ता ओलांडला असता.

मग मैनाबाईंच्या मुलाचं, कुलदीपचं लग्न झालं आणि दामिनी सून म्हणून आली. तिने मोबाईलवर कोणाचं तरी सजवलेलं धान्याचं कपाट पाहिलं. आठवडाभरात आपल्याकडेही सारख्या उंचीच्या बरण्या आल्या, त्यांच्यावर चिठ्ठ्या लागल्या. पिंप सरकलं आणि मी उघडा पडलो.

"आई, हा डब्बा किती भारी दिसते! फळीच्या मधातच ठेवतो."

"राहू दे वं त्याले मांगंच," मैनाबाई पुटपुटल्या.

दामिनीने माझ्या कमरेला सुतळी बांधली, डोक्यावर प्लास्टिकची वेल सोडली, मागून पिवळा दिवा लावला. चोरीच्या मालाची एवढी आरास कोणी पाहिली नसेल. मैनाबाई येता-जाता माझं नाव भिंतीकडे वळवायच्या, दामिनी पुन्हा पुढे वळवायची. मला भोवळ येऊ लागली.

आणि एके दिवशी दामिनीने कपाट बघायला शेजारणींना बोलावलं. बिस्मिल्लाबींनाही. त्या दारात घुटमळल्या, मग आत आल्या. नजर बरण्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. मैनाबाईंचा चेहरा माझ्यातल्या तिखटासारखा झाला.

"मैना, हा तं माहा डब्बा हाय."

"हो बी. रिकामा कसा देऊ म्हनून ठेवला. मंग देयाची शरम वाटे. तू आली का लपवून ठेवो."

"म्हनून मले सोफ्यावर बसवलं? मले वाटलं, माहंच काही चुकलं."

दामिनीने हळूच माझ्यामागचा दिवा बंद केला.

बिस्मिल्लाबींनी मला उचललं, झाकण उघडलं आणि जोरात शिंकल्या.

"पगली कुठली! हा रिकामा कुठं हाय? भरेलच तं हाय!"

एवढ्या वर्षांत हे मैनाबाईंना सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर आतून पाहत होतो. दोघी शिंकत राहिल्या, डोळे पुसत राहिल्या. मग बिस्मिल्लाबींनी पाट ओढला आणि गॅसवरच्या भाजीची चव घेतली. मीठ कमी होतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या घरी परतलो, भरलेला. बिस्मिल्लाबींनी मला त्यांच्या फळीवर ठेवलं. शेजारी तांदळाचं पिंप होतं. त्याच्यामागे सहज पाहिलं, तर तिथे एक पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, दडून उभा होता. त्याच्या काठावर नाव कोरलेलं : मैनाबाई खुशालराव.

तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहणं टाळतो.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कपाट जरूर सजवा. पण आधी पिंपामागे हात घालून पाहा. तिथे कोणी माझ्यासारखा उभा असेल, तर त्याच्या पोटावरचं नाव वाचा आणि आजच त्याला घरी पोहोचवा. काय भरू, याचा फार विचार करू नका. तिखटही चालतं.