मयताच्या गाडीतला मिक्सर

साठी उलटलेल्या माणसाने गावी जावं, नातवंडं खेळवावीत, गेला बाजार नाक्यावर पेपर वाचत बसावं. लालबागच्या गुणाजी परबाने गाडी घेतली. याचं चाळीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण संपात गिरणी सुटल्यापासून गुणाजीने काय घेतलं नव्हतं ते विचारा. कोंबड्या घेतल्या, छत्र्या दुरुस्तीचं सामान घेतलं, एकदा तर कुणाच्या तरी नादाने ससे घेतले आणि चाळीतल्या पोरांनी त्यांना नावं ठेवल्यामुळे एकही विकता आला नाही. या वेळी नवल वाटलं ते एवढंच की गाडी मयताची होती. एका सेवा मंडळाने आपली जुनी शववाहिका काढून टाकली आणि गुणाजीने ती उचलली.

बेत साधा होता. गाडीत पलंग, शेगडी, पंखा, छोटा फ्रीज आणि छतावर सूर्याच्या विजेची काच. वर्षातला निम्मा काळ नवराबायकोने कोकणात किनाऱ्या-किनाऱ्याने हिंडायचं, आवडेल तिथे मुक्काम करायचा. कारण चाळ पडणार होती, आणि मुलगा माधव, जो सरकारी नोकरीत होता, तो दोघांना अँटॉप हिलच्या आपल्या क्वार्टरमध्ये नेणार होता. तिथे गुणाजीसाठी टीव्हीसमोरचा दिवाण ठरला होता. म्हणजे सुनेच्या मालिका संपेपर्यंत त्याने ताठ बसायचं आणि त्या संपल्यावर आडवं व्हायचं. गुणाजीला ते नको होतं. उरलेले दिवस आपल्या मर्जीने काढायचे, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याची बायको रखमा हिने मात्र गाडी आवारात शिरताच निकाल देऊन टाकला.

“ज्येच्यातसून मान्सा आडवी गेली, त्येच्यात मी उभी चढूचंय नाय,” ती म्हणाली आणि गॅलरीतून आत निघून गेली. आत जाता जाता हेही सांगून गेली की जिथे खोबऱ्याचं वाटप, म्हणजे आमटीचा ओला मसाला, होत नाही त्याला घर म्हणत नाहीत.

माधवने नेमकं हेच धरलं. पोरगा वाईट नव्हता, पण कार्यालयात बसून बसून त्याला प्रत्येक गोष्टीला अट घालायची सवय लागली होती. तो म्हणाला, मी रविवारी सकाळी येतो. सूर्याच्या विजेवर मिक्सर लावून वाटप झालं तर खुशाल जा. नाही झालं तर सोमवारी भंगारवाला बोलावतो. गुणाजी तावातावाने हो म्हणाला आणि मग आठवडाभर पस्तावला.

कारण मिक्सर चालत नव्हता. आणि गंमत अशी की तो सूर्याच्याच विजेवर चालत नव्हता. गाडीत गुणाजीने एक सेफ्टीची कळ बसवली होती, कुठे ओल लागून वीज भलत्या वाटेने गळायला लागली की आपण होऊन पडणारी. चाळीतून लांब वायर ओढून गाडीला वीज दिली की कळ सज्जनासारखी उभी राही, पंखा फिरे, फ्रीज गुरगुरे, मिक्सर अख्ख्या आवाराला ऐकू जाई. पण हे दुपारनंतर. सूर्याची वीज मिळायची ती फक्त सकाळी, कारण न्याहारी उरकते न उरकते तोच गुणाजीच्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरची सावली आवारावर यायची. त्या सकाळच्या उन्हात गुणाजी बटण दाबायचा आणि कळ टक्कन पडायची. पुन्हा वर केली, पुन्हा टक्.

शेजारचा चिंतामणी मदतीला धावला. हा मनुष्य पूर्वी सिनेमा थिएटरात दिवे लावायचा आणि तेवढ्या बळावर स्वतःला वीजतज्ज्ञ म्हणवायचा. त्याने फ्रीज काढून पाहिला, पंखा काढून पाहिला, मिक्सर बदलून स्वतःच्या घरचा आणला. कळ पडतच राहिली. मग नवी कळ आणली, ती जुनीपेक्षा लवकर पडली. शेवटी चिंतामणीने निदान केलं की सरकारी वीज शिकलेली असते आणि उन्हाची वीज अडाणी, तिला वायरीतून जायची शिस्त नसते. आवारातल्या इतरांचं निदान आणखी सोपं होतं. गाडीतला एखादा जुना प्रवासी उतरायचा राहिला असणार, आणि त्याला सकाळी सकाळी मिक्सरचा आवाज खपत नसणार. कुणीतरी आरशाला लिंबू-मिरची बांधून गेलं.

गुणाजीने कळीखालचा, वायरींच्या जोडाचा डबा उघडून पाहिला तेव्हा आत तांदळाचे चार दाणे आणि थोडा लालसर डाग दिसला. दाणे उंदराने आणले आणि डाग गंजाचा, असं त्याने ठरवून टाकलं. माणूस एकदा हुशार व्हायचं म्हणाला की त्याला समोरचं दिसत नाही.

शुक्रवारी चिंतामणी म्हणाला, कळच काढून टाक, चाळीत कुणाकडे आहे? यावर मात्र गुणाजी भडकला. त्याने गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले होते. धागा तुटला की साचा आपोआप थांबायचा, आणि त्याचा राग येऊन एकाने थांबवणारा आकडा सुतळीने बांधून ठेवला होता. साचा न थांबता चालला आणि त्या पाळीचं सगळं कापड वाया गेलं. थांबणाऱ्या यंत्राला शिव्या द्यायच्या नसतात, तुटलेला धागा शोधायचा असतो, असं त्याने चिंतामणीला ऐकवलं. धागा कुठे तुटलाय हे मात्र त्याला काही केल्या सापडत नव्हतं. रखमा गॅलरीतून हे सगळं पाहायची आणि एक अक्षर बोलायची नाही. तिचं न बोलणं गुणाजीला सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त लागत होतं. हिला मनातून हे हवंच आहे, उद्या गाडी गेली की ही सुटकेचा श्वास टाकेल, असं त्याला वाटायचं आणि वाईट वाटायचं.

शनिवारी तो गाडीतच झोपला. चिंतामणी पहाटे येऊन परस्पर कळ उपटेल अशी त्याला धास्ती होती. उजाडता उजाडता मागच्या शिडीवर पावलं वाजली. गुणाजीने जवळची पकड उचलली आणि श्वास रोखला. पावलं छतावर गेली. मग बांगड्या वाजल्या.

त्याने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. ज्या गाडीत उभी चढणार नाही म्हणाली होती, तिच्या डोक्यावर रखमा उभी होती. हातात तांब्या, काचेच्या कडेला हळद-कुंकू, अक्षता, दोन जास्वंदी. गुणाजीला आठवलं, काच बसवली त्या दिवशी त्यानेच छाती फुगवून अख्ख्या चाळीला सांगितलं होतं की आता सूर्यनारायण स्वतः येऊन या काचेवर बसणार. बाकीचे हसले होते. रखमाने ते खरं धरलं होतं. देव रोज दारात येऊन बसणार आणि त्याला कुणी पाणीही विचारणार नाही, हे तिच्या घरच्या रीतीत बसणारं नव्हतं.

“सूर्यनारायणा,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “ह्येंचो साचो बंद पडलो तो परत कधी चालूच झालो नाय. मागसून काय काय केल्यानी, ता पण सगळा बंद पडला. मी कधी बोललंय नाय. ह्या तरी चालू दे.”

आणि तिने अर्घ्य सोडलं. रविवार, त्यातून परीक्षेचा दिवस, म्हणून पाण्यात दूध होतं, आणि त्यावर एका नारळाचं पाणी. ते सगळं काचेवरून ओघळलं, वायरीच्या कडेने वाहत छताच्या भोकाशी आलं, जे गुणाजीने पावसाला अवकाश आहे म्हणून बुजवलंच नव्हतं, आणि तिथून थेंब थेंब डब्यात उतरलं. कळ टक्कन पडली.

गुणाजीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, म्हणून त्याने तोंडात बनियनचा कोपरा कोंबला. सकाळी कळ पडायची, म्हणून दुसऱ्या दिवशी ती जास्त पाणी घालायची, म्हणून कळ आणखी लवकर पडायची. दुपारपर्यंत उकाड्याने सगळं वाळायचं आणि चाळीच्या वायरीवर मिक्सर गात राहायचा. अडाणी बिचारी उन्हाची वीज नव्हतीच. आणि ही बाई, जिला आपण मनातून शत्रू ठरवून बसलो होतो, ती म्हातारपणी शिडी चढून आपल्यासाठी देवाला गळ घालत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

ती उतरून गेल्यावर त्याने छतावरची वायर सोडवली, बनियनने डबा कोरडा केला, उरलेली ओल कागदाने वारा घालून घालवली. आंघोळीच्या साबणाचा तुकडा मळून भोकात दाबून बसवला. मग वायर पुन्हा जोडली आणि कळ वर केली. ती उभी राहिली.

माधव इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्या मागून चिंतामणी, आणि त्याच्या मागून अर्धी चाळ. रखमाही खाली आली होती आणि पदराआड तांब्या घेऊन शिडीकडे बघत होती. ही आता गडबडीत पुन्हा वर चढली तर संपलं, हे गुणाजीच्या ध्यानात आलं. सगळ्यांदेखत तिला थांबवायचं तरी कसं? तू पाणी घालतेस म्हणून बंद पडतं, हे तो मेला तरी बोलणार नव्हता.

“रखमा,” तो म्हणाला, “खोबरं तूच घाल. माझं प्रमाण चुकतं.”

माधव म्हणाला की आई गाडीत पाय ठेवणार नाही, तिने तसं पहिल्याच दिवशी सांगितलंय.

“ती रोज चढते,” गुणाजी म्हणाला. “आत यायची तेवढी राहिलीय.”

रखमाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बनियनवर कुंकवाचे डाग होते, दुधाचा वास येत होता. मग तिने डब्याकडे पाहिलं, डब्यावरच्या भोकातल्या साबणाकडे पाहिलं, आणि हातातल्या तांब्याकडे. तिला सगळं उमगलं. तिचा चेहरा लाल झाला. चाळीतल्या कुणाला काही कळलं नाही, आणि गुणाजी तोंड फिरवून उगाचच पंख्याचं पातं पुसत राहिला.

रखमाने तांब्या माधवच्या हातात दिला, पदर खोचला आणि ती आत चढली. खोबरं, धणे, मिरच्या घालून तिने मिक्सरचं झाकण तळहाताने दाबून धरलं आणि बटण फिरवलं. मिक्सर कोकलत सुटला. वाटप बारीक झालं, बोटावर घेऊन तिने ते तपासलं. मग ती मयताच्या पलंगाच्या जागी ठेवलेल्या गादीवर बसली, चारी बाजूंना बघितलं, आणि गुणाजीला म्हणाली, “हे खिडकीक पडदो होयो, रातचा लोका आत बघतत.”