कोटातली बाई

धुकं इतकं दाट होतं, की जहाज नक्की कुठे बुडालं तेच कुणाला बोट करून दाखवता येत नव्हतं. दुपार होती म्हणे. दूध फाटल्यासारखं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून दुसरं एक जहाज हलकेच आलं आणि त्यानं होडीतली माणसं दोरानं वर ओढून घेतली. त्यात ही होती, बुडालेल्या जहाजाच्या धुलाईखान्यात इस्त्री करणारी.

अंगावर फरचा कोट. तिचा कसला? कुणा श्रीमंतीणबाईनं दारूचा डाग काढायला तो खाली पाठवला होता. डाग काही निघेना, आणि तेवढ्यात धडक बसली. तिथेच कामाला असलेली थोरली नणंद ओरडली, अंगात घाल काहीतरी आणि पळ. हातात होतं ते हिनं घातलं. जिन्यावर पाणी मागून चढत होतं. नणंदेनं तिला ढुंगणाला रेटा देऊन वर ढकललं, "तू हो पुढे, मी आलेच." त्यानंतर नणंद दिसली नव्हती.

वाचवणाऱ्या जहाजाच्या कठड्याशी एक साहेब उभा होता. माणसं अजून ओकत होती, कित्येकांना स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, पण कुणाला वरच्या मजल्यावर न्यायचं आणि कुणाला तळाशी, हे या गड्याला बरोब्बर कळत होतं. अंगावरचे कपडे बघायचे की झालं. कोट पाहून तो कमरेत वाकला. "बाईसाहेब, इकडून."

तिला खोली मिळाली. गादी, गरम पाण्याची पिशवी, वाटीभर सूप. डॉक्टर आला तसं तिनं विचारलं, माझी नणंद कुठंय? त्यानं विचारलं, त्या कुठल्या वर्गात होत्या? ती म्हणाली, धुलाईखान्यात, माझ्या शेजारच्या टेबलावर. डॉक्टर गोड हसला. तिचा हात थोपटत त्यानं नर्सला सांगितलं, धक्का बसलाय.

"अहो, मी इस्त्री करते," ती म्हणाली.

"असं होतं बाईसाहेब. मघाशी एक जण स्वतःला कप्तान म्हणवत होता."

"मग तो कप्तानच असेल."

तिला औषध पाजलं. कडू होतं, पण त्यानं जमीन मऊ झाली. भिंती श्वास घ्यायला लागल्या. ती गोल खिडकीशी गेली. खाली पाण्यावर कपडे तरंगत होते. तिनं आणि नणंदेनं सकाळी घड्या घालून ठेवलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, वाढप्यांचे पांढरे सदरे. घड्या आपोआप उलगडत होत्या. सदरे बाह्या पसरून पाठीवर निवांत पडलेले, कुणी आवाज दिला की उठतील असे. एक चादर कितीतरी वेळ जहाजाच्या बरोबरीनं येत राहिली, हात धरून चालणाऱ्या पोरासारखी. मग तीही धुक्यात गेली. या सगळ्यात नणंदेचा निळा झगा दिसतो का, म्हणून ती काचेला नाक लावून उभी राहिली. दिसू नये असंही तिला वाटत होतं.

ती जिन्याकडे गेली. शिपायानं अदबीनं अडवलं. खाली तुमच्यासारख्यांनी जावं असं काही नाही, म्हणाला. दुसऱ्यांदा गेली तर हाताला धरून खोलीत आणून सोडलं, वर चहा पाठवला. असला मान जाळायचाय काय? जिला शोधायचं तिच्यापर्यंत जाऊ देत नाही तो मान.

तिनं कोट काढून भिरकावला. गादीवरची चादर ओढली, अभ्रे काढले, सगळ्याचं गाठोडं करून खांद्यावर मारलं आणि ओल्या परकरावर अनवाणी निघाली. तोच शिपाई. त्यानं तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ए, बाजूनं जा. पाणी सांडू नको."

तळाशी बॉयलरची ऊब होती. वाफेत दिवे पिवळे पडलेले. एका बाजूला माणसं लवंडलेली, कुणी कण्हतंय, कुणी झोपेत हाका मारतंय. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चादरीखाली गप्प झालेल्यांची रांग. ती आधी जिवंतांकडे गेली. एकेकीचं तोंड वाकून पाहिलं. नव्हती. मग ती रांगेपाशी येऊन उभी राहिली. आयुष्यभर चादरी उचलल्या, पण आता हात पुढे होईना.

"ते गाठोडं तिथे नको टाकूस. इकडे आण."

वाफेच्या पलीकडे दोरीपाशी नणंद उभी होती. निळा झगा अंगाला चिकटलेला, ओठ काळेनिळे, हातात कुणाचीतरी भिजलेली घोंगडी. आल्यापासून ती दुसऱ्यांचे कपडे वाळत घालत होती.

हिचं गाठोडं खांद्यावरून कधी पडलं, तिला कळलंच नाही. "ताई."

"मेलीस म्हणून रडून झालंय माझं," नणंद म्हणाली. आवाज चिडका, डोळे भलतंच सांगणारे. "कुठे उलथली होतीस?"

"वर होते."

नणंदेनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. गालाला हात लावला, चिमटा काढला, दुखलं का विचारलं. दुखलं. मग तिनं घोंगडीचं एक टोक हिच्या हातात दिलं, कारण एकटीनं ती पिळली जात नव्हती.

दोघी पीळ घालायला लागल्या. घोंगडी नुसतीच गोल फिरत राहिली. हिच्या डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं.

"अगं माझ्याच बाजूनं काय फिरवतेस?" नणंद म्हणाली. "उलट फिरव."

तिनं उलट फिरवलं. समुद्राचं पाणी दोघींच्या पायांवर धो धो पडलं.